तिसरं कोटेशन

आमच्या अण्णांबरोबर बाजारात जायचं तर घरून जेवून निघावं लागतं. कोथिंबिरीची एक जुडी आणायची असली तरी. बदलापूर स्टेशनाबाहेर बनूबाई पालेभाजी घेऊन बसते, बारवीकडच्या वाडीवरून पहाटेच पाटी घेऊन निघते बिचारी. अण्णा तिला दर विचारणार, जुडी उचलून मुळं बघणार, मान हलवणार आणि ठेवून देणार. मग दुसऱ्या पाटीला भिकीकडे, मग तिसरीला चंद्रीकडे. तिसरीचा दर ऐकून झाला की उलटपावली परत बनूबाईकडे. तिने तोवर जुडी बाजूला काढून ठेवलेली असते.

"आलास का हिंडून, दादा? मंग, घालू पिशवीत?"

अण्णा हसायचे नाहीत. त्यांना यात हसण्यासारखं काही वाटायचंच नाही. हसायची बनूबाई, आणि उन्हात पिशवी धरून उभी असलेली मी चरफडायची.

अण्णा म्हणजे माझे थोरले दीर, दिनानाथ. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत खरेदी विभागात होते. तिथला नियम असा की कुठलीही वस्तू घ्यायची तर तीन ठिकाणचे लेखी दर मागवायचे, शेजारीशेजारी मांडायचे आणि सर्वांत कमी असेल तो घ्यायचा. सरकारी कामाला नियम चांगलाच आहे. पण अण्णांनी तो घरी आणला. मी एकदा म्हटलं, "अण्णा, तिकडे सरकारचा पैसा असतो. इथे कशाला?" तर म्हणाले, "सुनेत्रा, सरकारच्या पैशाची एवढी काळजी घ्यायची आणि आपला वाऱ्यावर सोडायचा?"

त्यांचं लग्न राहिलं त्याचीही घरात हीच कथा सांगतात. सासूबाई हयात असताना अण्णांनी दोन मुली बघितल्या. दोन्ही पसंत होत्या. पण तिसरी बघितल्याशिवाय होकार कसा द्यायचा? तिसरं स्थळ नाशिकचं होतं, त्यांच्याकडे सुतक आलं, बघणं लांबलं, आणि तोवर पहिल्या दोघी आपापल्या घरी नांदायला गेल्या. सणासुदीला कुणीतरी हा विषय काढायचंच. अण्णाही पुरणपोळीवर तूप घेत शांतपणे ऐकायचे.

त्र्याण्णव साली माझ्या यजमानांची कंपनी बंद पडली. घरात त्यांना सगळे बाळ म्हणतात, मी अर्थात 'हे' म्हणते. हे तिथे मेंटेनन्सला फिटर होते. एक दिवस सकाळच्या पाळीला गेले तर गेटला कुलूप आणि गेटबाहेर चारशे माणसं. त्यानंतर वर्षभर हे बेलवलीच्या आमच्या घरात बसून होते. बसून म्हणजे काय, शेजाऱ्यांचे मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करत होते, फुकट. पैसे मागायला जीभ रेटत नाही या माणसाची. मी साड्यांना फॉल लावायची. घर अण्णांच्या पगारावर चालत होतं. ते एका शब्दानेही कधी बोलून दाखवत नव्हते, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा.

अशात शंकरराव घरी आले. ह्यांचेच जुने सहकारी, कंपनी बंद पडल्यावर उल्हासनगरला एका टॉकीजचं कँटीन चालवायला लागले होते. म्हणाले, "बाळ, गोळ्यांची मशीनं बघितलीस का? वर काचेचा गोळा, त्यात रंगीत गोळ्या भरलेल्या. नाणं घालायचं, मूठ फिरवायची, मूठभर गोळ्या खाली. मुंबईत प्रदर्शनात पोरांची रांग लागली होती. माझ्या कँटीनशेजारी कोपरा रिकामा आहे. तीन मशीनं लाव. इंटरव्हलला पब्लिक बाहेर येतं ते तिथूनच. मला चौथा हिस्सा दे, भाडं नको." आणि उठताना म्हणाले, "दिवाळीपर्यंत जागा धरून ठेवतो. पुढचं मालकाच्या हातात."

त्या दिवशी ह्यांच्या चेहऱ्यावर वर्षभरानं तरतरी दिसली. अण्णा संध्याकाळी आले, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पैसे मी देतो. पीएफमधून उचल घेईन. पण वस्तू नवी घ्यायची. सेकंडहँड वस्तूला दर नसतो, नुसतं नशीब असतं." मी देवापुढे साखर ठेवली. तेव्हा श्रावण चालू होता. दिवाळीला अडीच-तीन महिने होते. मला काय ठाऊक, तीन महिने अण्णांना कोथिंबिरीला लागतात!

पहिला दर फोर्टातला. तिथला एक आयातदार परदेशी मशीनं विकायचा. एकेक पाच हजारांच्या वर. अण्णांनी छापील दरपत्रक आणलं आणि नीट घडी घालून ठेवलं. दुसऱ्या दराला आम्ही तिघंही उल्हासनगरला गेलो, तीन नंबर कॅम्पात, टेकचंदच्या कारखान्यात. कारखाना म्हणजे पत्र्याची शेड. त्यात लेथचा आवाज, गरम तेलाचा वास आणि मधोमध टेकचंद, गळ्यात चष्मा आणि हातात चहाचा ग्लास. त्याने परदेशी मशीन उघडून बघून तसंच आपलं बनवलं होतं. नमुना टेबलावरच होता.

"डालो भाभी, डालो," म्हणत त्याने माझ्या हातात नाणं दिलं.

मी नाणं घातलं, मूठ फिरवली. आत काहीतरी कटकन बसलं आणि लाल-पिवळ्या गोळ्या खळखळत खाली आल्या. मला लहान मुलीसारखं हसू आलं. ह्यांनी तेवढ्यात मागचं झाकण उघडून आतलं दातेरी चाक बघितलं आणि माझ्याकडे बघून हळूच मान डोलावली. काम चोख होतं. त्या शेडमध्ये उभं राहून मला पहिल्यांदा वाटलं की आपलं आता ठीक होणार. तीच गोळी चघळत मी मनात पहिल्या महिन्याचा किराणाही भरून टाकला.

"दो हज़ार का पीस है, साईं. आपके लिए अठारह सौ. गॅरंटी मेरी," टेकचंद म्हणाला.

फोर्टाच्या निम्म्याहूनही कमी. मी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी खिशातून पेन काढलं.

"हा दर सेल्स टॅक्स धरून की सोडून?"

"आपके लिए धरके."

"खोक्याचे पैसे वेगळे?"

"खोका मुफ़्त, साईं."

"इथला दर की पोचवून?"

"पहुँचा देगा. कहाँ पहुँचाना है?"

आणि अण्णांनी कोऱ्या कागदावर सुवाच्य अक्षरात पत्ता लिहून दिला. टॉकीजचं नाव, कॅम्प नंबर, तळमजला, कँटीनशेजारचा कोपरा, नग तीन. पोचवायची जागा नेमकी कळवल्याशिवाय पोचवून दर घेताच येत नाही, असा त्यांचा नियम. टेकचंदने चष्मा चढवून कागद वाचला, दोनदा वाचला. "जगह अच्छी है," म्हणाला. मग दर लिहून दिला, खाली सही केली, शिक्का मारला.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "अण्णा, मग कधी सांगायचं त्याला?"

"तिसरं कोटेशन आलं की."

तिसरं येणार कुठून? त्या वेळी नवीन गोळ्यांची मशीनं विकणारा तिसरा माणूस या पंचक्रोशीत नव्हता. अण्णांनी कल्याण पालथं घातलं, भिवंडीला जाऊन आले. एका ठिकाणी वजनाचे काटे दाखवले, एका ठिकाणी उसाच्या रसाचा चरक. कुठल्याशा व्यापारी मासिकात दिल्लीच्या एका कारखान्याची जाहिरात सापडली. लगेच 'महोदय' घालून पत्र गेलं. भाद्रपदात एक, आश्विनात स्मरणपत्र. दिल्लीवाल्याला काय पडलंय तीन मशीनांसाठी बदलापूरला उत्तर लिहायचं? मी रोज पोस्टमनची वाट बघायची. नोकरीला लागलेल्या मुलाच्या पत्राची कुणी बघितली नसेल अशी.

ह्यांना मी रोज टोचायची, "तुम्ही बोला ना." ह्यांची जीभ अण्णांपुढे टाळ्याला चिकटते. "अण्णाचे पैसे आहेत," एवढंच म्हणायचे आणि कुणाची तरी इस्त्री उघडून बसायचे. मीच एकदा सांगून बघितलं की दोनच माणसं विकतात तर तिसरा दर आणायचा कुठून, पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल चाललंय आपलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "दोन दरांत एक महाग दिसतो आणि दुसरा स्वस्त वाटतो. खरा कोणता, ते तिसरा सांगतो." हे वाक्य ते इतक्या सात्त्विक चेहऱ्याने म्हणाले की मला जवळचं लाटणं घेऊन भिंतीवर आपटावंसं वाटलं.

दिवाळी तोंडावर आली. शंकररावांचा निरोप आला, मालक विचारतोय. मग मी ठरवलं, आता आपणच हालचाल करायची. फॉलच्या साड्या पोचवायच्या म्हणून बाहेर पडले ती सरळ टेकचंदच्या शेडमध्ये. त्याला सगळं सांगितलं. तो आधी समजेनाच. मग एवढा हसला की चहा सांडला.

"तीन कोटेशन चाहिए था? भाभी, पहले बोलना था ना! कंपनी में माल देता हूँ तो तीनों कोटेशन मैं ही देता हूँ. एक मेरा, दो मेरे रिश्तेदारों का."

आणि त्याने खण उघडला. आत वेगवेगळ्या नावांच्या छापील कागदांची चवड. मेहुण्याची कंपनी, साडूची कंपनी, एक तर चक्क सासूच्या नावाची. सगळीकडे असंच चालतं, हे त्याने मला गोळी खात खात समजावलं. मला जराही वाईट वाटलं नाही. आजही वाटत नाही. मशीन तेच, दर तोच. एका कागदावाचून माझा नवरा घरी बसला होता. टेकचंदने मेहुण्याच्या कागदावर बावीसशेचा दर लिहिला आणि मी तो पाकिटात घालून, पोस्टाने आला असं सांगून अण्णांच्या हातात दिला.

अण्णांचा चेहरा उजळला. कागद उजेडात धरून वाचला. "छान," म्हणाले. "चार नंबर कॅम्पात आहे म्हणजे. रविवारी बघून येतो."

"बघायचं काय त्यात? दर जास्तच आहे की!"

"अगं, बोलून कमी करतील कदाचित."

रविवारी ते गेले. मी दिवसभर कामात लक्ष नसल्यासारखी वावरत होते. दुपार उलटल्यावर आले, पिशवीतून एक पुडकं काढलं आणि माझ्यासमोर ठेवलं. पापड होते. सिंधी पापड, मिरीचे.

"त्या पत्त्यावर एक बाई गच्चीत पापड वाळत घालत होत्या," अण्णा म्हणाले. "कागद जावयाचा, टेकचंदचा आहे म्हणाल्या. मशीनचं त्यांना काही माहीत नाही. पापड चांगले आहेत. त्या गल्लीत तीन घरी करतात, यांचा दर कमी होता."

हे खाली मान घालून बसले. अण्णा ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "सुनेत्रा, असले कागद मी चोवीस वर्षं परत पाठवत आलो. माझ्याच घरात नको होता गं."

आणि माझा बांध फुटला. "मग काय करायचं होतं मी? दिल्लीच्या पत्राची वाट बघत म्हातारी व्हायचं होतं? तुमच्या तिसऱ्या दरापायी तुमचं लग्न राहिलं, अण्णा. आता माझा संसार तरी बुडवू नका!"

सणासुदीला सगळे हसत जे बोलायचे तेच मी बोलले होते, फक्त हसले नव्हते. अण्णांनी चष्मा पुसला, उठले आणि पाणी प्यायला आत गेले. त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाताना दारात थांबून म्हणाले, "टेकचंदला सांगून टाका. तीन मशीनं." मला आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याची लाजही वाटली. हे लगोलग उल्हासनगरला गेले आणि दुपारी परत आले. मी दार उघडलं तेव्हाच कळलं.

कँटीनशेजारच्या कोपऱ्यात तीन मशीनं उभी होती. टेकचंदची. त्याने थेट मालकाशी बोलून जागा घेतली होती, दर महिन्याला रोख भाडं ठरवून. शंकरराव हात जोडत होते. आणि टेकचंद? तो तर ह्यांना चहा पाजून म्हणाला, "बाळभाऊ, मैंने तीन महीना रास्ता देखा. भाभी आई, फिर भी ऑर्डर नहीं आया. माल पड़ा था, पता आपके भाई ने दिया था." तो खोटं बोलत नव्हता, याचा मला सगळ्यात जास्त राग आला. जागेचा पत्ता, मजला, कोपरा, सगळं अण्णांनी स्वतःच्या हाताने, सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं. पोचवून दर हवा म्हणून.

ह्यांनी संध्याकाळी अण्णांना सांगितलं. अण्णांनी टेकचंदचा दर काढून पुन्हा वाचला. मग म्हणाले, "मी पत्ता द्यायला नको होता." एवढंच.

दिल्लीचं कोटेशन पौषात आलं. वरातीमागून घोडं. दर तेवीसशे, रेल्वेभाडं वेगळं. म्हणजे टेकचंदचाच सगळ्यात कमी होता. मी तो कागद चुलीत घालणार होते, पण अण्णांनी मागून घेतला आणि बाकीच्या दोन दरांशेजारी ठेवला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एकदा अण्णा नेहमीच्या वेळेआधी घरी आले. मागे रिक्षावाला एक जड खोकं घेऊन. कामावर रजा टाकून ते फोर्टात गेले होते. खोक्यात ते परदेशी मशीन होतं, लाल रंगाचं, चकचकीत.

मी विचारलं, "किती पडलं?"

"त्याने सांगितले तेवढे दिले."

"कमी नाही करायला सांगितलं?"

"नाही." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "दुसरीकडे विचारलंही नाही. बघ तुझ्या उपयोगी पडतं का."

तीन महिने मी ज्यासाठी जिवाचा आटापिटा करत होते ते या माणसाने आता केलं होतं, जेव्हा त्याचा काडीचाही उपयोग नव्हता. मला रडू येत होतं आणि त्यांच्यावर ओरडावंसंही वाटत होतं. ह्यांनी गोळ्या आणल्या, काचेत भरल्या. मी रुपया घालायला गेले तर तो फटीत जाईना. नवा रुपया आणला, तोही जाईना. नवं छोटं आठ आण्याचं नाणं जाऊन आतल्या आत घसरलं. मशीन परदेशी नाण्यासाठी होतं. आपलं फक्त जुनं, मोठं आठ आण्याचं नाणं तेवढं चालायचं, आणि ती नाणी तर बाजारात कमीच होत चालली होती. दर विचारताना अण्णांनी एरवी पन्नास प्रश्न विचारले असते, त्यातला हा पहिला असता. आयुष्यात एकदाच काही न विचारता घेतलं, आणि ते असं निघालं.

"परत करू या," हे म्हणाले. "पावती आहे ना?"

अण्णांनी पावतीही घेतली नव्हती.

ह्यांनी ते मशीन सगळं सुटं केलं, कानस लावून फट वाढवली, आतलं दातेरी चाक नवं बसवलं. रुपया चालायला लागला. कुळगावातल्या एका किराणा दुकानात ते ठेवलं, त्यातून दुधाचं बिल भागायचं. टेकचंद एकदा कुणाकडे तरी आला होता, त्याने ते काम बघितलं आणि दुसऱ्या दिवशी ह्यांना बोलावून घेतलं. पगार बरा होता. त्याच्या शेडमध्ये बसून हे तीच मशीनं बनवायला लागले, जी आम्हाला घ्यायची होती. टॉकीजमधली तीन बिघडली की तीही हेच जाऊन दुरुस्त करतात. मी त्या टॉकीजला पुन्हा पाऊल ठेवलेलं नाही.

घर रुळावर आलं असं सगळे म्हणाले. अण्णा मात्र बदलले. हे मला आधी कळलंच नाही. बाजारात ते आता पहिल्या गाडीपाशी थांबायचे, बोट दाखवायचे, सांगेल तेवढे पैसे द्यायचे. आणलेली वांगी किडकी निघायची, गवार जून निघायची. मी काही बोलायची नाही. सुरुवातीला तर मला सुखच वाटलं, बाजार किती पटकन उरकतो म्हणून. मग एकदा त्यांना नवी चप्पल घ्यायची होती. पहिल्या दुकानात शिरले, पहिला जोड पायात घातला, पैसे दिले. घरी आल्यावर बघितलं तर एका आकड्याने मोठी. ते दिवसभर ती फटक फटक वाजवत घरात फिरत होते आणि प्रत्येक आवाज माझ्या डोक्यात जात होता.

त्या आठवड्यात आम्ही दोघं बाजारात गेलो. ऊन चांगलंच तापलं होतं. अण्णांनी बनूबाईच्या पाटीतली जुडी उचलली, मुळं न बघताच माझ्या पिशवीत टाकली आणि खिशात हात घातला. तिने दर सांगितला. नेहमीपेक्षा जास्तच होता. आता हा दादा पुढे जात नाही, हे तिलाही उमगलं होतं.

"काय रं दादा," ती म्हणाली, "हल्ली हिंडत नाय तू? पाय दुखत्यात का?"

अण्णा कसनुसं हसले. "कशाला हिंडायचं, बनूबाई? घे." त्यांनी नोट पुढे केली.

मला ते बघवेना. मी पिशवीतून जुडी काढली आणि परत पाटीत ठेवली.

"अण्णा," मी म्हटलं, "पुढे भिकीकडे विचारलंत का?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मी चेष्टा करतेय की काय, हे त्यांना कळेना.

"आणि तिच्यापुढे ती चंद्री बसते, तिच्याकडेही विचारा. तिन्हीकडचं कळल्याशिवाय मी जुडी घेणार नाही."

नोट घडी करून त्यांनी खिशात घातली. थोडं थांबले आणि चालायला लागले. ऊन डोक्यावर आलं होतं, घरी कुकर लावायचा राहिला होता, आणि मी चरफडत पिशवी धरून तिथेच उभी राहिले. अण्णा भिकीपाशी वाकले, काहीतरी विचारलं, मान हलवली आणि पुढे चंद्रीकडे गेले. बनूबाईने जुडी बाजूला काढून ठेवली.